तणनाशक पचविणारे जीवाणू

जमिनीतील सूक्ष्म जीवाणू नव्या विषाचे अन्न कसे करू लागतात, हे या लेखात सांगावयाचे आहे. विषय प्रयोगशाळेतला असला तरी त्याचा संबंध आपल्या ज्वारीच्या रानाशी आहे.

प्रथम आपबीती. बोरी येथील आमच्या काळ्या रानात एका खरिपात मी ज्वारीत अट्राझीन हे तणनाशक शिफारशीहून अधिक मारले. पाऊस लवकर उघडला. रब्बीत त्याच रानात हरभरा पेरला. तो उगवला, पण पुढे पिवळा पडून जागोजाग जळाला. ज्वारी हे औषध आपल्या अंगी निर्विष करते. हरभऱ्यास ते साधत नाही. त्यातून आपली जमीन विम्लधर्मी. तीत, विशेषतः ओल नसता, हे औषध दीर्घकाळ टिकते.

विकर म्हणजे काय?

जीवाणूच्या पेशीत पदार्थ फोडण्याची व जोडण्याची जी हत्यारे असतात त्यांस विकर म्हणतात. प्रत्येक विकर ही अमिनो आम्लांची साखळी होय. साखळीतील क्रम जनुकात लिहिलेला असतो व पेशी दुभंगताना त्याची नक्कल होते. महसुली कारकुनीत मी हजारो नकला केल्या. एखादे अक्षर चुकावयाचेच. जनुकाच्या नकलेतही तसेच घडते. बहुतेक चुका निरुपयोगी वा घातक ठरतात. क्वचित एखादी उपकारक निघते.

प्रयोग

इ. स. १९७० नंतरच्या दशकात बॅरी हॉल प्रभृती शास्त्रज्ञांनी दुग्धशर्करा फोडणाऱ्या विकराचे जनुक काढून टाकलेले जीवाणू घेतले व त्यांस दुग्धशर्करेवर ठेवले. बहुतेकांची वाढ खुंटली. काही काळाने थोडे मात्र वाढू लागले. त्यांच्यातील ‘ईबीजी’ नामक दुसरे विकर, जे पूर्वी दुग्धशर्करेवर जवळजवळ निकामी होते, ते आता तिला फोडू लागले होते. साखळीतील ९२ व्या किंवा ९७७ व्या जागी एकच आम्ल बदलले होते. शिवाय त्या जनुकावरील नियंत्रणही सुटले होते. येथे एक गोष्ट ध्यानी धरावी : जीवाणूने हेतुपूर्वक काही केले नाही. चूक आपोआप होते. निवड उपासमार करते. हीच निवड माणसाने हाती घेऊन उपयुक्त विकरे घडविली, त्याबद्दल फ्रान्सिस आर्नोल्ड या विदुषीस २०१८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

अट्राझीनची कथा

अट्राझीन मानवनिर्मित, त्याचा वापर १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला. तरीही १९९५ साली अमेरिकेतील संशोधकांनी, तणनाशक सांडलेल्या जमिनीतून मिळालेला, अट्राझीनमधील नत्रावर जगणारा जीवाणू प्रसिद्ध केला. त्याचे पहिले विकर अट्राझीनमधील क्लोरीन काढून टाकते, की त्याची मारकता गेली. या विकरात ४७५ आम्ले आहेत. मेलामाइन फोडणारे दुसरे एक विकर तितकेच लांब असून दोहोंत अवघा ९ जागी फरक आहे. पण ते दुसरे विकर क्लोरीन काढीत नाही. पुढे प्रयोगशाळेत या दोन्ही जनुकांचे तुकडे मिसळले, तेव्हा मूळ दोघांसही न साधणारे पदार्थ बदलणारी विकरे निपजली.

आपण काय घ्यावे?

जीवाणू आपले रान शुद्ध करतील, सबब औषध कितीही मारावे, असा अर्थ कोणी काढू नये. त्यांस ओल लागते, सेंद्रिय अन्न लागते, अवधी लागतो. कोरड्या रानात ते स्वस्थ बसतात, हे मी हरभरा गमावून शिकलो. उलट एकच औषध वर्षानुवर्षे मारल्यास ते पचविणारे जीवाणू माजतात, औषधाचा प्रभाव लवकर सरतो, आणि न मरणारी तणेही निवडली जातात. म्हणून :

१) औषध शिफारशीप्रमाणेच मापून मारावे, शंका असल्यास परभणीच्या कृषी विद्यापीठात विचारावे.
२) औषध पालटीत जावे; कोळपणी व खुरपणी सोडू नये.
३) शेणखत घालावे.
४) रब्बीपूर्वी एका कुंडीत शंकित माती व दुसरीत औषध न पडलेली माती घेऊन दोहोंत हरभरा पेरावा व दोन-तीन आठवडे पाहावे. पहिल्या कुंडीतील रोपे पिवळी पडल्यास त्या रानात हरभरा पेरू नये.

मूठभर बियाण्याची ही परीक्षा मी वेळेवर केली असती, तर पेरणीचा खर्च व एक हंगाम वाचला असता.