लेन्स आखूड पडली की पाय पुढे जातात

पक्ष्यांचे फोटो काढायचं डोक्यात घेतलं तेव्हा जमवलेले बहुतेक पैसे मी कॅमेऱ्याच्या बॉडीत घातले. उरल्यासुरल्यात ७०-३०० ची लेन्स आली. दुकानदाराने वर २ एक्सचा कन्व्हर्टर गळ्यात मारला. ‘३०० चे ६०० होतील’ म्हणाला. झालेही. पण हा कन्व्हर्टर दोन स्टॉप उजेड खातो, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. एफ ५.६ ची लेन्स एफ ११ झाली. समोर तारेवर कापशी बसलेली असताना ऑटोफोकस मागेपुढे घुटमळत राहिला आणि ती उडूनही गेली. महिन्याभरात कन्व्हर्टर कपाटात गेला.

खरी चूक पुढेच होती. मे महिना, पिंपळगाव जोगे धरणाचं पाणी मागे हटलेलं. भेगाळलेल्या गाळावर टिटवीचं घरटं सापडलं. घरटं कसलं, नुसता खळगा! भोवती खडे आणि शेळीच्या लेंड्या, मध्ये चार अंडी, निमुळती टोकं आत वळवलेली. ३०० मधून टिटवी नखाएवढी दिसत होती, म्हणून दहा पावलं पुढे गेलो, मग आणखी दहा. ती कलकलाट करत डोक्यावर झेपावू लागली. मी खूश, ‘अ‍ॅक्शन’ मिळाली! अर्धा-पाऊण तास शटर दाबत होतो. शेवटी शेळ्या राखणारे एक बाबा जवळ येऊन म्हणाले, “सायेब, बसू द्या की तिला आता. अंडी उकडत्यात.”

त्या दिवशीचे सगळे फोटो मी पुसून टाकले. त्यात टिटवीचं वागणं नव्हतं, माझ्यामुळे उडालेली तिची धांदल होती.

पुढच्या रविवारी गाडी लांब उभी करून इंजिन बंद केलं आणि खिडकीवर तांदळाची पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेकवली. वीसेक मिनिटांनी टिटवी पाण्याकडे गेली, पोट बुडवून बसली आणि थांबत-थांबत परत आली. पोटाची पांढरी पिसं भिजून चिकटली होती. अंड्यांवर क्षणभर उभी राहिली, पिसं फुलवली आणि हळूच बसली. उन्हात अंडी थंड ठेवायची तिची ही रीत. फोटोत ती बारीकच आली, पण तोच फोटो मी आजही दाखवतो.

तेव्हा नवं सामान घेणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की आधी लेन्स पाहा. बॉडी जुनी, सेकंडहँड चालेल. १५०-६०० ची झूम धरणाकाठी उत्तम, मात्र वजन दोन किलोच्या आसपास. दुकानात ती हलकी वाटते. शिवनेरीच्या कड्यावरची गिधाडं टिपायला ती घेऊन पायऱ्या चढा, मग कळेल. मी ट्रायपॉडही नेला होता. वर वाऱ्याने तो असा हलत होता की शेवटी दगडावर पिशवी ठेवून फोटो काढले. दिवसभर खांद्यावर पेलवेल तेवढंच घ्या. भीमाशंकरच्या दाट सावलीत हीच लेन्स अंधारी पडते. तिथे ३०० एफ ४ कधीही सरस. उडणाऱ्या पक्ष्यासाठी शटर सेकंदाच्या २००० व्या भागाच्या खाली नेऊ नका, आयएसओ वाढला तरी चालेल. थोडे दाणे दिसलेले परवडतात, हललेला फोटो कशानेच सुधारत नाही. आणि मे महिन्यात दहानंतर गाळावरून झळा उठू लागल्या की लाखाची लेन्सही धुरकट फोटो देते. तेव्हा सरळ घरी जावं.

जुनी लेन्स घेताना आतून टॉर्च मारून बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद पिशवीत राहिलेल्या लेन्सला बुरशी लागते आणि ती बाहेरून दिसत नाही. माझी एक लेन्स नाणेघाटात भिजून आल्यावर तशीच राहिली नि वाया गेली.

उन्हाळ्यात धरणाकाठी उतरलात तर कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी पायाखाली बघा. टिटवीची अंडी अगदी खड्यांसारखी दिसतात.