हरवलेल्या उपकरणाचा शोध

घरातील दिवे, पंखे आणि इशारे देणारी साधने बिनतारी जालकाने जोडलेली असली आणि त्यांपैकी एखादे केंद्राला सापडेनासे झाले, की त्यातच बिघाड झाला असे आपण धरून चालतो. पुष्कळदा ते निर्दोष असते. तुटलेली असते ती त्याच्यापर्यंत जाणारी वाट.

उदाहरणादाखल ‘झिग्बी’ ही पद्धती घेऊ. तिच्यात घरच्या विजेवर चालणारे दिवे व प्लग सामान्यतः आपले काम करून इतरांचे संदेशही पुढे पोचवितात. बॅटरीवरील संवेदक मात्र शक्ती वाचविण्यासाठी बहुतेक वेळ निद्रिस्त असतात. ते शेजारच्या एखाद्या वाहक उपकरणाला पालक मानतात व त्याच्यामार्फतच केंद्राशी बोलतात. समजा, स्वयंपाकघरात ओट्याखाली पाण्याची गळती ओळखणारा संवेदक आहे आणि त्याचा पालक म्हणजे छताचा दिवा. कोणी भिंतीवरील बटण बंद केले, की पालक नाहीसा होतो. दुसरा पालक न मिळाल्यास संवेदक मुका होतो. परंतु त्याचे मौन केंद्राला कित्येक तास सुरक्षिततेचेच लक्षण वाटू शकते. खरा धोका येथे आहे.

म्हणून तपास पुढील क्रमाने करावा.

1. प्रथम बॅटरी पाहावी.

2. वाटेवरील वाहक उपकरणांचा वीजपुरवठा चालू आहे काय, हे पाहावे. असे दिवे भिंतीवरील बटणाने बंद करू नयेत.

3. जाड भिंत, लोखंडी कपाट किंवा पाण्याची टाकी आड येत असल्यास मध्ये एक वाहक प्लग बसवावा.

4. झिग्बी आणि वाय-फाय दोन्ही 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालतात. वाय-फायसाठी 1, 6 व 11 हे मार्ग वापरात असतील, तर झिग्बीला 15, 20 किंवा 25 हा मार्ग सोयीचा पडतो. यूएसबी 3.0 जोडणीतूनही याच पट्ट्यात गोंगाट उत्पन्न होतो, असे इंटेल कंपनीने 2012 मध्ये दाखविले. केंद्राचा ग्राहक संगणकाला लावलेला असल्यास तो लांब वायरीने दूर ठेवावा.

5. एवढ्याने न भागल्यास उपकरण पुन्हा जोडावे; मात्र ते केंद्राजवळ न आणता नेहमीच्या जागीच जोडावे, म्हणजे त्याला तेथील योग्य पालक मिळतो.

दुरुस्तीनंतर संवेदकाच्या टोकांना ओले फडके लावून इशारा पोचतो की नाही, हे पाहावे. ही परीक्षा अधूनमधून घ्यावी. कारण जो संवेदक कधीच बोलत नाही, तो जागा आहे की हरवला आहे, हे त्याच्या मौनावरून कळत नाही.