चार घरांचा शब्द

एका शब्दकोड्यात 'अत्यंत गरीब मनुष्य' एवढाच संकेत दिलेला आहे. त्यासाठी आडवी चार घरे आहेत. शेवटच्या दोन घरांत उभ्या शब्दांमुळे 'च' आणि 'न' ही अक्षरे आधीच आली आहेत. सोडविणारा लगबगीने 'निष्कांचन' लिहितो. थोड्या वेळाने पहिल्या घरात 'अ' हवा असे त्याच्या ध्यानात येते आणि रबर शोधावे लागते. शब्द 'अकिंचन' आहे.

हा खेळ फार प्राचीन नव्हे. आर्थर विन यांनी रचलेले पहिले शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले. इंग्रजीत एका घरात एकच वर्ण बसतो. मराठीत काना, मात्रा, वेलांटी व अनुस्वार यांसह संपूर्ण अक्षर बसते. म्हणूनच 'ष्कां' एवढा ऐवज एका घरात मावतो.

दोन्ही शब्द एकाच संकेतात बसले, तरी त्यांची फोड निराळी आहे. ज्याच्याजवळ कांचन, म्हणजे सोने नाही, तो निष्कांचन. त्याच्या कणगीत धान्य असू शकेल, गोठ्यात गाय असू शकेल. 'किंचन' म्हणजे काही. तेही ज्याच्याजवळ नाही, तो अकिंचन. सर्वस्वाचा त्याग केलेल्या संन्याशालाही हा शब्द लावतात. त्यामुळे त्यात तुच्छतेचा लवलेश नाही.

'दरिद्री' या शब्दाच्या वाट्याला मात्र हे भाग्य आले नाही. संस्कृतातील 'दरिद्र' हा शब्द धावणे या अर्थाच्या 'द्रा' धातूपासून झाला आहे. त्याचा मूळ अर्थ भटकणारा, वणवण करणारा. वणवण करणे हा काही अपराध नव्हे. तरीही मराठीत 'दरिद्री' ही शिवी होऊन बसली. जणू गरिबी हा त्या माणसाचाच दोष! याच शब्दाला 'नारायण' जोडलेला 'दरिद्रनारायण' हा शब्द स्वामी विवेकानंदांनी वापरला आणि पुढे गांधीजींनी तो घरोघरी पोहोचविला. ज्याला लोक हिणवीत, त्याच्यातच त्यांनी देव पाहिला.

कोडे रचणाऱ्याने 'ज्याच्याजवळ काहीही नाही असा' हा संकेत दिला असता, तर रबराची गरज पडली नसती. त्याच कोड्यात खाली आणखी दोन घरे रिकामी आहेत. संकेत आहे : 'रावाच्या जोडीने येणारा'. तेथे 'रंक' लिहावयाचा. रावावाचून तो मराठीत सहसा भेटतच नाही.