तेलात बुडवलेली यंत्रे : वऱ्हाडच्या उन्हात किती उपयोगी?

वरुड-मोर्शीकडच्या संत्रा बागायतदाराला सबमर्सिबल मोटर नवी नाही. बोअरचे पाणी खाली गेले आणि मोटर कोरडी चालली की वाइंडिंग जळते, आणि मोटर आपल्या एखाद्या वाइंडिंगवाल्या बंधूच्या दुकानात येऊन पडते. पाणी त्या मोटरला नुसते उपसायचे नसते. तेच तिचा पंखाही असते. गावाबाहेरच्या डीपीवरचा ट्रान्सफॉर्मरही तसाच तेलात बसलेला असतो. तेथे तेल दोन कामे करते : वीज इकडून तिकडे उडू देत नाही आणि गुंडाळीची उष्णता टाकीच्या भिंतीपर्यंत आणून सोडते.

मोठ्या शहरांतील डेटा सेंटरमध्ये कॉम्प्युटरच द्रवात बुडवून थंड ठेवण्याची जी पद्धत सध्या गाजत आहे, तिचे मूळ या दोन वस्तूंतच आहे. म्हणून हा विषय फक्त इंजिनिअर लोकांचा नाही. अकोला-अमरावतीच्या मिस्त्री व दुकानदार बंधूंनी तो नीट समजून घ्यावा, कारण यात धंदाही आहे आणि धोकाही आहे.

आधी हवेची गोष्ट. एक घनमीटर हवा एक अंशाने तापायला जेवढी उष्णता घेते, तिच्या सुमारे १४०० पट उष्णता तेवढेच ट्रान्सफॉर्मर तेल घेते. पाणी तर सुमारे ३५०० पट घेते. परंतु साधे पाणी वीज वाहू देते, त्यामुळे उघडे सर्किट त्यात बुडवता येत नाही. पंख्याला भरमसाट हवा ओढावी लागते ती यामुळेच, आणि हवेबरोबर जे येते तेही आत जाते. अकोल्याच्या दालमिलमधली भुकटी आणि जिनिंगमधला कापसाचा तंतू पॅनेलच्या जाळीत बसला की पंखा फिरतो, पण हवा जात नाही. वर आपला उन्हाळा. मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५ अंशांपुढे गेला तेव्हा जिल्हा प्रशासनाला उन्हामुळे जमावबंदीचे कलम १४४ लावावे लागले होते. अशा दिवशी पंखा यंत्रावर जी हवा मारतो ती मुळातच तापलेली असते. इलेक्ट्रॉनिक कार्डावरच्या गोल कपॅसिटरबद्दल ढोबळ नियम असा आहे की, तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते. उन्हाळ्यात दुरुस्तीला एवढी कार्डे का येतात, त्याचे एक मोठे कारण हेच.

कॉम्प्युटर बुडवण्याची कल्पनाही आजची नाही. अमेरिकेतील क्रे-२ हा महासंगणक १९८५ साली आला. त्याची सगळी कार्डे फ्लोरिनर्ट नावाच्या, वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवलेली होती. हा द्रव बनवणाऱ्या ३एम कंपनीने या जातीची रसायने २०२५ च्या अखेरीपर्यंत बंद करण्याचे डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केले, कारण ती निसर्गात विरत नाहीत. आपल्या महाराष्ट्रात पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ मध्ये ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक बसला. त्यात यंत्र बुडवलेले नाही. नळीतून पाणी थेट तापणाऱ्या भागाला चिकटलेल्या पट्टीपर्यंत नेले आहे. द्रवाने थंड करण्याचे हे दोन वेगळे मार्ग आहेत, त्यांची गल्लत करू नये.

मोठ्या डेटा सेंटरमध्ये खरी बचत होते ती एअर कंडिशनरच्या विजेची. जुन्या पद्धतीच्या केंद्रात कॉम्प्युटरने १०० युनिट खाल्ले तर थंडाव्यासाठी व इतर कामासाठी आणखी ५० किंवा जास्त जातात. बुडवण्याच्या पद्धतीत हा वरचा खर्च ५ ते १० युनिटांवर येऊ शकतो. आपल्या दुकानात मात्र एवढ्या बचतीची आशा धरू नये. दोन कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर असलेल्या दुकानाला तेलाची टाकी परवडणार नाही. आपल्याला यातला फायदा विजेपेक्षा धुळीचा आहे : बंद टाकीत भुकटी जात नाही. दालमिल, जिनिंग, पिठाची गिरणी अशा ठिकाणी तेलाने थंड होणारा सर्वो स्टॅबिलायझर वर्षानुवर्षे चालतो तो या गुणामुळे. नवीन स्टॅबिलायझर घेताना अशा जागेसाठी तेलाचाच विचारावा, असे माझे मत आहे.

आता कारागिरांच्या कामाचा हिशेब. तेल उष्णता संपवत नाही, ते फक्त वाहून नेते. उष्णता बाहेर जाते ती टाकीच्या पत्र्यातून. रंगवलेल्या साध्या टाकीचा एक चौरस मीटर पत्रा, हवेपेक्षा एक अंश गरम असला तर साधारण १२.५ वॅट बाहेर टाकतो. समजा टाकी ५० सें.मी. लांब, तेवढीच रुंद आणि ४० सें.मी. उंच आहे. चार बाजू मिळून ०.८ चौरस मीटर होतात, म्हणजे दर अंशाला १० वॅट. आत २५० वॅट उष्णता तयार होत असेल तर तेल हवेपेक्षा २५ अंश वर जाणार. डिसेंबरात २५ अंशांच्या हवेत ते ५० वर थांबेल. मे महिन्यात सावलीतही ७० वर जाईल, आणि पत्र्याच्या शेडखाली त्याहून वर. उपाय एकच, बाजूंना पंख किंवा नळ्या जोडून पत्रा वाढवणे. ट्रान्सफॉर्मरला त्या नळ्या शोभेसाठी नसतात.

येथे पुष्कळ जण फसतात. अशा टाकीत ८० लिटर तेल भरले तर ते तापायला फार वेळ घेते. पहिल्या तासात हात लावून पाहिले तर टाकी गारच लागते आणि उस्ताद म्हणतो, काम फत्ते. खरे तापमान संध्याकाळपर्यंत कळत नाही. चाचणी पूर्ण दिवस, पूर्ण लोडवर आणि उन्हाळ्यात घ्यावी.

तेल कोणते? ट्रान्सफॉर्मरचे, भारतीय मानक ३३५ चे, सीलबंद डब्यातले. नव्या, न गाळलेल्या तेलाने २.५ मि.मी. अंतरावर किमान ३०,००० व्होल्ट सोसले पाहिजेत. इंजिन ऑइल, रॉकेल, खाण्याचे तेल यांपैकी काहीही चालणार नाही. ट्रान्सफॉर्मर तेलही सुमारे १४० अंशांना पेट घेऊ शकणारी वाफ सोडते, म्हणून वेल्डिंगच्या ठिणग्यांपासून टाकी दूर ठेवावी. वनस्पतीजन्य एस्टर तेलाला पेट घ्यायला ३०० अंशांहून जास्त लागतात. पण ते घट्ट असते आणि हवेने खराब होते, त्यामुळे टाकी पक्की बंद लागते.

भंगारातील जुन्या ट्रान्सफॉर्मरचे तेल स्वस्त मिळते म्हणून कोणी घेऊ नये. काही फार जुन्या ट्रान्सफॉर्मर व कपॅसिटरमध्ये पीसीबी नावाचे विषारी रसायन असे. ते कातडीतून अंगात जाते, डोळ्यांना किंवा नाकाला कळत नाही. भारत सरकारच्या २०१६ च्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२५ पासून त्याचा वापर पूर्ण बंद ठरवला आहे. हाताला असे तेल लावून मालिश करणारे लोक आपल्याकडे आहेत, त्यांना घरच्यांनीच थांबवावे. बाद झालेले तेल नालीत न टाकता परवानाधारक पुनर्प्रक्रियावाल्याकडेच द्यायचे असते.

तयार मिळालेले ड्राइव्ह किंवा कॉम्प्युटर उघडून तेलात सोडण्याचा प्रयोग करू नये. वॉरंटी जाते, साध्या हार्ड डिस्कच्या श्वासाच्या भोकातून तेल आत शिरते, प्लास्टिकच्या वायरी काही महिन्यांत कडक होऊन तडकतात, आणि बारीक तारांच्या वायरीतून तेल वर चढून टाकीबाहेर ठिबकते. धुळीच्या जागेतील ड्राइव्हसाठी बंद पॅनेल आणि बाहेर काढलेला हीट सिंक हाच बरा मार्ग आहे.

वाइंडिंगवाल्यांना खरे काम आहे ते तेल राखण्याचे. पावसाळ्यात ब्रीदरमधली निळी सिलिका जेल गुलाबी झाली की बदलावी किंवा तापवून सुकवावी. पाणी तेलाच्या तळाशी बसते, म्हणून नमुना तळाच्या कॉकमधून घ्यावा, वरून नव्हे. गाळणीचे यंत्र आणि व्होल्ट तपासण्याचा संच दोन-तीन दुकानदारांनी मिळून घेतला तर आसपासच्या मिलांचे स्टॅबिलायझर व वेल्डिंग ट्रान्सफॉर्मर दरवर्षी तपासण्याचे काम मिळू शकते. आणि टाकी भरताना काठोकाठ भरू नये : ८० लिटर तेल २० अंशांवरून ७० वर गेले की जवळजवळ तीन लिटरने फुगते.