कॉम्प्युटरमधला पुरावा जपायला खर्च किती येतो?

देवळाली प्रवरा, राहुरी फॅक्टरी, श्रीरामपूर या पट्ट्यात पतसंस्था असो, दूध संकलन केंद्र असो, कृषी सेवा केंद्र असो की दवाखाना, हिशोबाची वही आता कॉम्प्युटरमध्ये असते. त्यामुळे अफरातफर झाली तरी तिची खूण तिथेच उरते. ठेवीदाराच्या पासबुकात भरणा दिसतो, पण खात्यात नोंद नसते. सकाळी लागलेली फॅट संध्याकाळच्या बिलात वेगळीच दिसते. काम सोडून गेलेला माणूस ग्राहकांची सगळी यादी पेनड्राइव्हवर घेऊन गेल्याची कुणकुण लागते.

अशा वेळी बहुतेक ठिकाणी ओळखीच्या कॉम्प्युटरवाल्या पोराला फोन जातो, ‘बघ रे, याने काय काय उडवलंय.’ पोरगं प्रामाणिक असतं, मदतीच्या भावनेनेच येतं. ते फायली उघडून बघतं, गेलेला डेटा परत आणायचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर टाकतं, ‘मशीन स्लो आहे’ म्हणून विंडोजही नव्याने चढवतं. या प्रत्येक कृतीने तारखा बदलतात आणि पुसलेल्या फायलींच्या जागेवर नवं काहीतरी लिहिलं जातं. कोणता पेनड्राइव्ह कधी जोडला होता याची नोंद विंडोज स्वतः ठेवतं. फॉरमॅट मारला की ती नोंदही जाते. पुढे पन्नास हजार मोजून तज्ज्ञ आणला तरी जे डिस्कवर उरलेलंच नाही ते तो परत आणू शकत नाही. म्हणून पैसा आणि डोकं खर्च करायचं ते पहिल्याच दिवशी, मूळ डिस्क आहे तशी वाचवण्यावर. हे काम दहा-बारा हजारांत होतं.

हा विषय आपल्या जिल्ह्याला परका नाही. १९१० साली स्थापन झालेल्या नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ४ ऑक्टोबर २०२३ रोजी रद्द केला. त्या प्रकरणाच्या तपासात फॉरेन्सिक ऑडिट करून घ्यावं लागलं. असं ऑडिट जुन्या नोंदी जागेवर असल्या तरच काही सांगू शकतं.

पण कागद नसेल तर पुरावा किती अडतो, हे नीट समजून घ्यायचं तर जालन्याचा खटला पाहावा. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल कोर्टात गेले. खोतकरांचा अर्ज २७ सप्टेंबर २०१४ च्या दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाला, असं त्यांचं म्हणणं होतं. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात कॅमेरे होते, त्या चित्रीकरणाच्या सीडीही मिळाल्या. मात्र पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब प्रमाणे सीडीसोबत लागणारं प्रमाणपत्र पुन्हा पुन्हा मागूनही मिळालं नाही. तरीही औरंगाबाद खंडपीठाने नोव्हेंबर २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली आणि १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. त्या निकालाने देशभरासाठी तीन गोष्टी पक्क्या केल्या. नक्कल दाखल करायची तर प्रमाणपत्र हवंच. मूळ यंत्रच कोर्टात आणून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर प्रमाणपत्राची गरज नाही. आणि प्रमाणपत्र मागूनही समोरचा देत नसेल तर कोर्टाकडे अर्ज करून ते मागवता येतं. त्यामुळे मूळ डिस्क सीलबंद ठेवणाऱ्याचा हात कायद्यातही वरचा राहतो.

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला आणि ६५-ब ची जागा कलम ६३ ने घेतली. प्रमाणपत्राचा नमुना आता कायद्याच्या परिशिष्टातच छापलेला आहे. त्याचे दोन भाग आहेत. ‘अ’ भाग यंत्र ज्याच्या ताब्यात होतं त्याने भरायचा, ‘ब’ भाग तज्ज्ञाने. यंत्राचा प्रकार, कंपनी, मॉडेल, रंग, सिरियल नंबर, मोबाइल असेल तर आयएमईआय, तारीख, वेळ, ठिकाण असे रकाने त्यात आहेत. शिवाय हॅश व्हॅल्यू आणि ती कोणत्या पद्धतीने काढली तेही लिहावं लागतं. नमुन्यात स्टॅम्प पेपरची अट नाही, तेव्हा त्यावर पैसे घालवू नका.

हॅश म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने काढलेला आकडे-अक्षरांचा ठसा. शा-२५६ पद्धतीने तो ६४ अक्षरांचा येतो. फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी सगळा ठसा बदलतो. विंडोजमध्येच ‘सर्टयुटिल’ नावाची कमांड आहे, ती कोणत्याही फाइलची हॅश फुकट काढून देते. टॅलीचा बॅकअप असो, सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधून काढलेली क्लिप असो की ईमेलची फाइल, नक्कल काढली की लगेच हॅश काढा, प्रिंट घ्या, त्यावर तारीख-वेळ टाकून दोघांच्या सह्या घ्या. खर्च कागदाचा. अख्ख्या डिस्कची हॅश मात्र या कमांडच्या भरवशावर घरी काढू नका. त्यासाठी डिस्कवर काहीही लिहू न देणारं राइट ब्लॉकर नावाचं उपकरण लागतं आणि ते वापरणारा माणूसही.

पहिल्या दिवशी काय करायचं?

संशय ज्याच्यावर आहे त्याला आधी जाब विचारू नका. आधी पुरावा ताब्यात घ्या, मग बोला. ऑफिसबाहेरचे दोन पंच बोलवा. निवृत्त शिक्षक किंवा शेजारचे दुकानदार चालतील, संचालकांचे पाहुणे नकोत. मशीन बंद असेल तर चालू करू नका. चालू असेल तर स्क्रीनचा, मागच्या वायरींचा आणि घड्याळाचा फोटो घ्या आणि नेटची वायर काढा.

आता एक बारकावा, जो बऱ्याच ठिकाणी सुटतो. नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ असेल तर डिस्क बहुधा आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते. डिस्क काढून दुसरीकडे लावली की ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ही की लॅपटॉप सुरू करताना ज्याचं मायक्रोसॉफ्ट खातं घातलं त्याच्या खात्यात जाऊन बसते. पुष्कळदा ते खातं, ज्याच्यावर संशय आहे त्याच कर्मचाऱ्याचं निघतं. म्हणून मशीन चालू असतानाच माहितगाराकडून की काढून लिहून घ्या, आणि किती वाजता कोणती कमांड दिली हे पंचनाम्यात नोंदवा. एवढा हात लावावाच लागतो. तो लपवला नाही की अडचण येत नाही.

त्यानंतर साधं डेस्कटॉप मशीन असेल तर बंद करून टेक्निशियनकडून मूळ डिस्क काढून घ्या. सर्व्हर असेल तर एकदम वीज तोडू नका, डेटाबेस बिघडतो. तो नेहमीच्या पद्धतीने बंद करा. डिस्कवरचा सिरियल नंबर पंचनाम्यात उतरवा, फोटो घ्या, डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत आणि ती पिशवी जाड पाकिटात घाला. पाकिटाच्या जोडांवर पंचांच्या सह्या घेऊन लाखेचं सील करा. पाकीट तिजोरीत ठेवा, पण तिजोरीची किल्ली संशयित कर्मचाऱ्याकडे असते की काय ते आधी बघा. पाकीट कोणी, कधी, कशासाठी हलवलं याची वेगळी वही आजपासून सुरू करा. मशीनमध्ये नवी डिस्क टाका, आधीच्या बॅकअपवरून काम पुन्हा चालू करा.

यात नवी एसएसडी साधारण तीन ते पाच हजार, बॅकअप ठेवायला एक टीबीची बाहेरची हार्ड डिस्क पाच ते सात हजार, टेक्निशियन पाचशे-हजार, पाकिटं-लाख दोनशे. दुकानभाव वर-खाली होतो, पण अंदाज एवढा धरावा. पैसे वाचवायचे म्हणून मूळ डिस्कच वापरत राहू नका. एसएसडीवर पुसलेल्या फायलींची जागा मशीन स्वतःच थोड्या वेळात साफ करून टाकतं, त्यामुळे तिथे एकेक तास मोलाचा असतो.

सीसीटीव्हीची घाई तर सगळ्यात जास्त. डिस्क भरली की डीव्हीआर जुन्यावर नवं लिहीत जातो. किती दिवसांनी, हे डिस्कच्या आकारावर आणि कॅमेऱ्यांवर ठरतं. क्लिप काढण्याआधी डीव्हीआरच्या स्क्रीनवरची वेळ आणि मोबाइलवरची वेळ एकाच फोटोत येईल असा फोटो घ्या. बऱ्याच डीव्हीआरचं घड्याळ काही मिनिटांनी पुढे-मागे असतं आणि उलटतपासणीत नेमकं तिथेच बोट ठेवलं जातं. फुटेज खरंच महत्त्वाचं असेल तर डीव्हीआरची डिस्कही काढून सील करा आणि चार-पाच हजारांची नवी बसवा.

ईमेल गूगलच्या ऑफिस सेवेवर असेल तर कर्मचाऱ्याचं खातं डिलीट करू नका, नुसतं बंद ठेवा. डिलीट केलेलं खातं २० दिवसांतच परत आणता येतं, मायक्रोसॉफ्टकडे ही मुदत ३० दिवसांची आहे. व्हॉट्सअॅपच्या बाबतीत ज्याच्या फोनवर मेसेज आला तो फोनच जपा. नुसता स्क्रीनशॉट कमकुवत ठरतो. लैंगिक छळाची तक्रार असेल तर कायद्याने साधारण तीन महिन्यांत अंतर्गत समितीकडे जायचं असतं, आणि तोपर्यंत तक्रार करणाऱ्या बाईने फोन बदलू नये, विकू नये. कर्मचाऱ्याचा स्वतःचा फोन हिसकावून किंवा त्याचा पासवर्ड टाकून उघडण्याच्या भानगडीत पडू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ आणि ६६ मग तुमच्यावरच लागू शकतं.

तज्ज्ञ बोलवायचा का?

पोलिसांत जायचं नक्की असेल तर आधी खासगी लॅबवर पैसे घालण्याची घाई नको. दिवाणी दावा, विम्याचा क्लेम किंवा खात्यांतर्गत चौकशी असेल तर लागतो. पुण्या-नाशकातल्या लॅब एका डिस्कची हुबेहूब प्रत काढायलाही बहुधा पाच आकडी रक्कम सांगतात, आणि विश्लेषण लांबलं तर बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं. त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ५० हजारांचं काम ५९ हजारांना पडतं. कोटेशन लेखी घ्या आणि त्यात चार गोष्टी वेगळ्या मागा: प्रत काढण्याचे किती, तपासणीचे किती, प्रमाणपत्राच्या ‘ब’ भागावर सही करणार का, आणि साक्षीला राहुरी किंवा नगरच्या कोर्टात यायचे दर खेपेला किती घेणार. शेवटच्या दोन प्रश्नांना जो ‘ते नंतर बघू’ म्हणेल त्याला काम देऊ नका. प्रत काढून देणारा साक्षीला येणार नसेल तर त्या प्रतीचा उपयोग निम्मा.

पोलीस आणि सरकारी वाट

गुन्हा नोंदवायला एक रुपयाही लागत नाही, आणि एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत देणं कायद्यानेच बंधनकारक आहे. नोकराने केलेला विश्वासघात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये, खोटे हिशोब कलम ३४४ मध्ये येतात. पुरावा म्हणून द्यावी लागणारी इलेक्ट्रॉनिक नोंद मुद्दाम नष्ट करणं हा कलम २४१ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. आयटी कायद्याखालचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. पैसे ऑनलाइन वळते झाले असतील तर आधी १९३० या हेल्पलाइनला फोन, बाकी सगळं नंतर.

पोलीस यंत्र नेतील ते सरकारी न्यायसहायक प्रयोगशाळेत जातं. तिथली तपासणी फिर्यादीला फुकट असते, मात्र वेळ लागतो. जप्तीचं चित्रीकरण आता सक्तीचं आहे. पंचनाम्यात सिरियल नंबर आला का ते स्वतः वाचा आणि हॅश नोंदवायची विनंती लेखी करा. मुद्देमाल सुपूर्दनाम्यावर परत मिळायला महिने जातात, म्हणून कामाचा बॅकअप आधीच हाताशी हवा.

पतसंस्थेच्या सभासदांसाठी आणखी एक दार आहे. दप्तरात फेरफार होण्याची भीती असेल तर सहकार कायद्याच्या कलम ८० खाली निबंधकाला दप्तर ताब्यात घेण्याचा अधिकार आहे. तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे तसा लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

नुकसानभरपाई हवी असेल तर पाच कोटींपर्यंतचे दावे आयटी कायद्याच्या कलम ४६ खाली राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे, म्हणजे मंत्रालयात चालतात. अर्जाचे ५० रुपये, आणि दावा एक लाखावर असेल तर ५ हजार अधिक लाखावरच्या रकमेच्या दोन टक्के. पाच लाखांच्या दाव्याला असे १३ हजार ५० रुपये पडतात. वकिलाची फी आणि मुंबईच्या खेपा वेगळ्या धरा.

संचालक मंडळाच्या पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर तीन विषय घ्या. टॅली प्राइममधला एडिट लॉग चालू करणे, म्हणजे कोणती नोंद कोणी कधी बदलली ते राहील. कंपन्यांना हे १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचं आहे, तुम्ही सक्तीची वाट पाहू नका. प्रत्येक लॅपटॉपची ४८ अंकी की कागदावर लिहून अध्यक्षांच्या ताब्यात ठेवणे. आणि डीव्हीआरमध्ये किती दिवसांचं फुटेज राहतं ते आजच मोजून, ३० दिवसांपेक्षा कमी असेल तर मोठी डिस्क मंजूर करणे. पहिल्या दोन विषयांना खर्च शून्य आहे.