विसरलेले खाते आणि अप्रमादाची शिकवण

वसतिगृह सोडणारा विद्यार्थी शेवटच्या दिवशी खोलीची किल्ली परत करतो आणि नोंदवहीत तशी नोंद होते. किल्ली परत आली नाही, तर कुलूप बदलावे लागते. ही साधी शिस्त आम्हां सर्वांच्या अंगवळणी पडलेली आहे. संगणकाच्या जगात मात्र मोठमोठ्या व्यवसायांनाही तिचा विसर पडतो.

अमेरिकेतील कोलोनियल पाइपलाइन ही कंपनी टेक्सासपासून न्यू जर्सीपर्यंत सुमारे ८,८५० किलोमीटरच्या वाहिनीतून इंधन पोहोचवते. त्या देशाच्या पूर्व किनाऱ्यावरील जवळजवळ ४५ टक्के इंधन याच मार्गाने जाते. एप्रिल २०२१च्या अखेरीस हल्लेखोर तिच्या संगणकजाळ्यात शिरले. बाहेरून या जाळ्याशी जोडून घेण्यासाठी पूर्वी दिलेले एक खाते वापरात उरले नव्हते. पण ते बंदही केलेले नव्हते. त्याचा पासवर्ड इंटरनेटवर फुटलेल्या पासवर्डांच्या साठ्यात आढळला. ओटीपीसारखी दुसरी पडताळणीही त्या खात्याला नव्हती. ७ मे रोजी खंडणीची मागणी पडद्यावर झळकली आणि वाहिनी थांबवावी लागली. १२ मे रोजी ती पुन्हा सुरू होईपर्यंत अनेक राज्यांत पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलरची खंडणी दिली. त्यातील काही भागच पुढे परत मिळाला.

तो पासवर्ड सोपा नव्हता, असे कंपनीच्या प्रमुखांनी सिनेटसमोर सांगितले. यातील बोध महत्त्वाचा आहे. पासवर्ड कितीही अवघड असला, तरी ज्या खात्याकडे कोणी पाहत नाही, ते सुरक्षित राहत नाही. रोजच्या वापरातील खात्यात काही वावगे घडले, तर ते कोणाच्या तरी लक्षात येते. विसरलेल्या खात्यात चोर शांतपणे वावरू शकतो.

हा धोका केवळ परदेशातील मोठ्या कंपन्यांना आहे, असे समजू नये. आपले माजी विद्यार्थी दुकान, छापखाना, शिकवणी वर्ग चालवितात. काम सोडून गेलेल्या सहकाऱ्याकडे ईमेलचा पासवर्ड राहतो. बंद केलेला मोबाइल क्रमांक काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला मिळतो आणि जुन्या खात्याचा ओटीपी त्याच्याकडे जाऊ लागतो. संकेतस्थळाच्या नावाची मुदत संपली, तर ते नाव विकत घेणाऱ्याला त्या पत्त्यावर येणारी पत्रे मिळू शकतात.

उपाय कठीण नाहीत. व्यवसायाच्या सर्व खात्यांची एक वही ठेवावी. तीत खाते कशासाठी आहे व कोणाच्या जबाबदारीचे आहे, हे लिहावे. पासवर्ड मात्र लिहू नये. सहकारी निघून जाईल त्याच दिवशी त्याचा प्रवेश बंद करावा. प्रत्येक खात्यास वेगळा पासवर्ड व दुसरी पडताळणी असावी. दर तीन महिन्यांनी वही तपासावी आणि निरुपयोगी खाते, त्यातील आवश्यक माहिती काढून घेऊन, कायमचे बंद करावे.

धम्मपदातील दुसरा वग्ग अप्पमादाचा आहे. तथागतांनी महापरिनिर्वाणापूर्वी भिक्खूंना केलेला अखेरचा उपदेशही अप्रमादाचाच होता. ग्राहकाचे नाव, पत्ता व देण्याघेण्याचा हिशेब ही आपल्याकडे विश्वासाने सोपविलेली ठेव असते. आपल्या विस्मरणाने ती चोराच्या हाती पडली, तर दुःख त्या निरपराध माणसाच्या वाट्याला येते. म्हणून विसरलेले खाते शोधून बंद करणे हा आम्ही शीलाचाच भाग मानतो.