जमिनीच्या पोटातला खडक

विहीर खणायचे ठरले की घरात पहिला प्रश्न निघतो : जागा कोणती धरायची? मग आपण पाणाड्याला बोलावतो. तो हातावर नारळ घेऊन शेतभर फिरतो आणि एक जागा दाखवतो. कर्ज काढून खणाई सुरू होते. कधी पाणी लागते. कधी चाळीस हात खाली गेले तरी कोरडा कातळच. शेजारच्या शेतात मात्र वीस हातांवर झरा फुटलेला असतो. असे का होते?

याचे निम्मे उत्तर डोंगरात आहे. सह्याद्रीचे किंवा अजिंठ्याचे डोंगर पाहा. माथा सपाट. खाली उभा कडा, मग गवताचा उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार. जणू जिन्याच्या पायऱ्याच! सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या आणि आतला तापलेला रस बाहेर आला. तो पसरला, निवला. त्यावर दुसरा थर आला. भाकरीवर भाकरी रचावी तसे थर साचत गेले. किल्लारीला १९९३ साली भूकंप झाला. त्यानंतर तिथे खोल भोक पाडून पाहिले, तेव्हा हे थर सुमारे ३३८ मीटर जाड निघाले. कोयनेजवळ रासाटीला ते ९३० मीटरच्या वर भरले. त्यांच्या खाली निराळाच, फार जुना खडक आहे.

सगळे थर सारखे नसतात. काळा पाषाण घट्ट. तो सहज झिजत नाही, म्हणून त्याचा कडा उभा राहतो. मांजऱ्या खडक भोकाभोकांचा. तो लवकर कुजतो, त्याचा मुरूम होतो, आणि तिथे उतार पडतो. पावसाचे पाणी मुरमात आणि खडकाच्या भेगांत मुरते. अखंड पाषाणात ते शिरत नाही. डोंगरात उघडे दिसतात तसलेच थर आपल्या शेताखालीही असतात. फक्त ते झाकलेले आहेत.

मग न खणता ते ओळखावे कसे? मडके घेताना आपण टिचकी मारून पाहतो ना? ही रीत तशीच. जमिनीवर लोखंडी पत्रा ठेवून त्यावर घण मारतात. हादरा जमिनीतून जातो आणि ठरावीक अंतरावर ठेवलेली यंत्रे तो टिपतात. सैल मातीत तो सेकंदाला काहीशे मीटर जातो. घट्ट पाषाणात सुमारे ५,००० मीटर. किती वेळात पोचला यावरून पाषाण किती खोल ते काढता येते.

विहिरीसाठी विजेची रीत जास्त चालते. चार लोखंडी खुंट्या एका ओळीत ठोकतात. बाहेरच्या दोन खुंट्यांतून बॅटरीची वीज जमिनीत सोडतात, आतल्या दोन खुंट्यांवर मोजमाप घेतात. खुंट्या लांब लांब नेल्या की वीज अधिक खोल जाते. ओल्या मुरमातून ती सहज जाते. कोरडा कातळ तिला अडवतो. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी : चिकणमातीही विजेला वाट देते, आणि विहिरीला पाणी मात्र देत नाही. यंत्राला पाणी दिसत नाही. अडथळा किती तेवढेच ते सांगते. अर्थ माणसालाच लावावा लागतो, आणि तोही कधी चुकतो.

धुळे-नंदुरबारकडे आणखी एक नवल आहे. तिथे जमिनीतल्या भेगांत रस थिजून दगडाच्या उभ्या भिंती झाल्या आहेत. आजूबाजूचा खडक झिजला, त्या उरल्या. आज त्या लांबच लांब टेकड्यांसारख्या दिसतात. अशी भिंत जमिनीखाली बांधासारखी पाणी अडवते. वरच्या अंगाला विहिरी भरलेल्या, खालच्या अंगाला कोरड्या! भिंत तडकलेली असली तर गोष्ट वेगळी, मग पाणी तिच्यातूनच वाहते. मातीखाली दडलेली भिंत चुंबकाच्या यंत्राने हुडकता येते, कारण या दगडात लोहाचा अंश असतो.

आपल्या राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हे सरकारी खाते आहे. कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी तिथे चौकशी करावी. पाहणीला माणसे आली, की शेजारच्या विहिरीत मुरूम किती हातांवर सुटला आणि पाषाण किती हातांवर लागला, ते त्यांना सांगावे. यंत्राचे आकडे ताडून पाहायला त्यांना हीच माहिती हवी असते.